पर्पल मार्टिनसाठी लाकडी घर

प्रश्न : आम्ही अमेरिकेत टेक्सासला राहतो. अंगणात पर्पल मार्टिनसाठी स्वतः लाकडी घर बांधलं, पण दोन वर्षं त्यात चिमण्याच राहतात. काय चुकलं?

उत्तर : चूक बहुधा भोकात आणि जागेत आहे. भिंगरीच्या कुळातला हा पक्षी रॉकी पर्वतांच्या पूर्वेला जवळजवळ पूर्णपणे माणसानं दिलेल्या घरांतच वीण करतो, त्यामुळे तुमची मेहनत फार मोलाची आहे.

खोली सहा इंच रुंद आणि बारा इंच खोल ठेवा. जुन्या पद्धतीच्या सहा बाय सहाच्या खोलीत घुबडाचा पंजा पिल्लांपर्यंत सहज पोचतो. गोल भोकाऐवजी 30 मिलिमीटर उंचीचं चंद्रकोरीसारखं भोक पाडा. त्यातून मार्टिन अंग चेपून आत जातो, साळुंकीच्या कुळातला स्टार्लिंग मात्र सहसा अडतो. कोर उंबऱ्याजवळ हवी आणि कानशीनं गुळगुळीत घासलेली हवी, नाहीतर पिसं झिजतात. लाकूड सिडारचं, बाहेरून पांढरा रंग, आत काहीच नाही.

खांब बारा-पंधरा फूट उंच, झाडांपासून निदान चाळीस फूट लांब हवा. लाकडी घर जड होतं, म्हणून कप्पी आणि दोरी लावाच.

चिमणी भोकातून आत शिरतेच. आपल्याकडे तिच्यासाठी आपण पेट्या टांगतो, पण तिथे ती बाहेरून आणलेली आहे आणि मार्टिनची अंडी फोडते. दर आठवड्याला घर खाली उतरवून तिचं गवत काढून टाका. तुमच्याकडे पहिले मार्टिन जानेवारीअखेर येऊ लागतात. तोवर भोकं बंद ठेवा.