व्यापाराची नाडी कशी मोजतात?

हाँगकाँग हे आकाराने लहान, पण व्यापाराने मोठे बंदर. तेथे शेती नाममात्र आणि कारखाने थोडे. चीनच्या मुख्य भूमीवरचा माल तेथे येतो व पुढे जगभर जातो. बाहेरचा माल याच वाटेने चीनमध्ये शिरतो. त्यामुळे आयात-निर्यातीची एकूण किंमत हाँगकाँगच्या वार्षिक उत्पन्नाहूनही कितीतरी अधिक भरते. दूरच्या देशात मागणी घटली, की येथील गोदामे, जहाजे, दुकाने या सर्वांना झळ लागते.

ही झळ लवकर कळावी कशी? राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे तीन महिन्यांचे मिळून, तेही उशिरा येतात. म्हणून दरमहा खाजगी कंपन्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना साधे प्रश्न विचारतात: गेल्या महिन्यापेक्षा नव्या मागण्या वाढल्या, तेवढ्याच राहिल्या, की घटल्या? उत्पादन, नोकर, माल पोचण्यास लागणारा वेळ आणि खरेदी मालाचा साठा यांविषयीही असेच विचारतात. कच्चा माल किती मागवायचा हे ठरवणाऱ्या माणसाला बदलाची चाहूल आधी लागते, हे यामागील सूत्र.

आता गणित पाहू. समजा, १०० कंपन्यांपैकी ४० म्हणाल्या ‘वाढ’, ३० ‘तेवढेच’ आणि ३० ‘घट’. वाढ सांगणाऱ्यांची टक्केवारी पूर्ण घ्यायची, ‘तेवढेच’ म्हणणाऱ्यांची निम्मी: ४० + १५ = ५५. वाढ व घट सांगणारे सारखेच असतील, तर उत्तर ५० येते. ५० च्या वर विस्तार, खाली आकुंचन. पाचही प्रश्नांचे आकडे ठराविक प्रमाणात मिळवून निर्देशांक बनतो. त्यात नव्या मागण्यांचा वाटा सर्वांत मोठा, ३० टक्के असतो.

येथे एक फसगत संभवते. कोरोनाच्या साथीत, फेब्रुवारी २०२० मध्ये हाँगकाँगचा निर्देशांक ३३.१ पर्यंत कोसळला. मार्चमध्ये तो ३४.९ झाला. मग व्यापार सुधारला का? नाही! आकडा ५० च्या खालीच होता. म्हणजे आधीच घटलेला व्यापार आणखी घटत होता. घट सांगणाऱ्यांचे पारडे किंचित हलके झाले, एवढेच. शिवाय घट किती झाली, हे हा आकडा सांगत नाही; ती किती कंपन्यांत पसरली आहे, हे सांगतो.

दुसरी गंमत मालाच्या उशिराची. माल उशिरा पोचणे हे एरवी पुरवठादारांकडे गर्दी असल्याचे लक्षण, म्हणून त्याने निर्देशांक वर जातो. पण साथीत कारखाने व वाहतूक बंद पडल्यानेही उशीर होतो. तेव्हा आकडा खऱ्या स्थितीपेक्षा बरा दिसतो!

करून पाहा : आपल्या गावातील २० दुकानदारांना विचारा, “गेल्या महिन्यापेक्षा विक्री वाढली, तेवढीच राहिली, की घटली?” उत्तरांवरून निर्देशांक काढा. सलग तीन महिने हेच करा व आलेख काढा. सण, सुगी आणि पाऊस त्यात कोठे दिसतात, याची वर्गात चर्चा करा.