हायस्कुलांतील विषय कशासाठीं?

वाचावयाचा भाग : दानीएल १:३-२०

उपासना आटोपल्यावर एखादा बाप देवळाच्या पायरीवर उपदेशकाला गांठतो व म्हणतो, "मास्तर, पोरीची आठवी झाली. लिहितां येतें, वाचतां येतें, शास्त्र तर घडघडां वाचते. आतां तें बीजगणित आणि भूमिती शिकून ती काय करणार? उद्यां हातांत खुरपेंच घ्यावयाचें आहे ना?" हें बोलणें मागल्या पिढीचें आहे असें कोणी समजूं नये. सहा ते चौदा वर्षें वयाच्या मुलांसाठीं २००९ सालीं मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. तो मुलाला आठवीपर्यंत हात धरून नेतो. नववीच्या उंबरठ्यावर हा हात सुटतो. हायस्कूल पुष्कळदां आपल्या गांवांत नसतें. जाण्यायेण्याचा खर्च, वाटेची काळजी, घरांतील धाकट्या भावंडांना सांभाळण्याची अडचण, आणि मुलगी घरीं बसली कीं लग्नाची बोलणीं, हें सर्व एकदम पुढें येतें. म्हणून ह्या बापाला दोष देण्याची उतावीळ उपदेशकानें करूं नये. त्याचा प्रश्न खरा आहे. "शिक्षण चांगलें असतें" एवढें बोलून तो सुटत नाहीं.

दुसरा एक आक्षेप मंडळींतील भक्तिमान माणसांकडून येतो. ते म्हणतात, हे विषय जगाचे आहेत. विश्वासणाऱ्याला शास्त्र पुरे. त्यांनीं वर दिलेला भाग पुन्हां लक्षपूर्वक वाचावा. दानीएल व त्याचे तीन सोबती ह्यांना बाबेलास धरून नेलें, तेथें राजानें त्यांच्यापुढें दोन गोष्टी ठेविल्या : आपल्या ताटांतलें अन्न, आणि खास्दी लोकांची विद्या व भाषा. अन्न त्यांनीं नाकारलें. विद्या नाकारली नाहीं! ती विद्या मूर्तिपूजकांची होती, शिकविणारे परके होते, तरी तीन वर्षें बसून ते ती शिकले. आणि हें ज्ञान व ही प्रवीणता देवानेंच त्यांना दिली असें सतरावें वचन सांगतें. शेवटीं राजानें परीक्षा घेतली तेव्हां राज्यांतील ज्योतिषी व मांत्रिक ह्यांच्याहून ते दसपट सरस ठरले. काय सोडावें व काय घ्यावें हें त्या तरुणांना नीट कळत होतें. आपण कित्येकदां उलट करितों. राजाचें ताट घेतों व त्याची शाळा सोडतों.

आपल्याच महाराष्ट्र मंडळींतील एक साक्ष ह्या ठिकाणीं पाहण्यासारखी आहे. पंडिता रमाबाईंनीं १९०७ सालीं आपल्या जीवनाची साक्ष छापून प्रसिद्ध केली. तींत त्यांनीं आपल्या आईबापांविषयीं मोठ्या प्रेमानें लिहिलें आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें रमाबाईंना शिकविलें. व्याकरण, कोश, पुराणें सर्व मुखोद्गत. परंतु संस्कृताखेरीज दुसरी भाषा किंवा व्यवहाराची कोणतीही विद्या ह्या घरांत शिरूं दिली नाहीं, कारण अशा विद्येनें मन संसाराकडे ओढलें जाईल असें त्या भक्तिमान दांपत्याला वाटे. पुढें १८७० नंतरच्या दशकांत दुष्काळ पडला. जवळचें होतें तें दानधर्मांत व देवदर्शनांत सरलें. पोट भरण्याजोगें काम कोणाला येत नव्हतें, भीक मागवत नव्हती. प्रथम वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. पवित्र ग्रंथांच्या बाहेरचें आम्हांस कांहींच ठाऊक नव्हतें, म्हणून आम्ही असे निरुपाय झालों, असें रमाबाई स्वतः सांगतात.

ह्याच बाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या व तेथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकी शिकावी असा त्यांचा हेतु होता, पण कानांनीं दगा दिला. ऐकूं कमी येत असल्यामुळें तो मार्ग बंद झाला. मग चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयांत त्या संस्कृत शिकवीत व स्वतः गणित, निसर्गशास्त्र आणि इंग्रजी शिकत. तेव्हां त्या विधवा होत्या, पदरीं लहान मुलगी होती, आणि 'पंडिता' ही पदवी तर कलकत्त्याच्या विद्वानांनीं आधींच दिली होती. तरीही त्या विद्यार्थिनींच्या बांकावर बसल्या. पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठींत सगळें बायबल उतरविलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ सालीं, छापून पुरें झालें. ज्यांना व्याकरण हा रुक्ष विषय वाटतो त्यांनीं ह्या एका पुस्तकामागें किती व्याकरण उभें आहे ह्याचा विचार करावा.

आतां बापाच्या बीजगणिताकडे वळूं. गांवांत बचत गट आहेत, कर्ज देणाऱ्या संस्थांचे वसुलीवाले दर आठवड्याला किंवा महिन्याला येतात. समजा, एका बाईनें १२,००० रुपये घेतले. व्याज वर्षाला शेंकडा १२, फेड बारा सारख्या हप्त्यांत. व्याज झालें १,४४०, एकूण १३,४४०, हप्ता १,१२०. बाई म्हणते, शेंकडा बारा म्हणजे स्वस्त. परंतु बारा हजार रुपये तिच्यापाशीं वर्षभर होते काय? मुळींच नाहीं. दर हप्त्यासरशीं मुद्दल कमी होत गेलें. व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत सगळ्या बारा हजारांवर धरलें. दरमहा हजार मुद्दल फिटलें असें ढोबळ मानानें धरा. मग तिच्याजवळ पहिल्या महिन्यांत १२ हजार, दुसऱ्यांत ११, तिसऱ्यांत १०, असें उतरत शेवटच्या महिन्यांत १ हजार. ह्या बारा आंकड्यांची बेरीज ७८ हजार. बारांनीं भागिलें म्हणजे सरासरी ६,५००. साडेसहा हजारांवर १,४४० व्याज म्हणजे शेंकडा बावीस! अगदीं काटेकोर हिशेब केला तर साडेएकवीसच्या आसपास येतें. अशा आकारणीला 'फ्लॅट' व्याज म्हणतात. अशा उतरत्या आंकड्यांची बेरीज झटकन कशी काढावी हें दहावीच्या बीजगणितांत 'अंकगणिती श्रेढी' ह्या प्रकरणांत शिकवितात. पोरीला खुरपेंच हातीं घ्यावयाचें असेल तर घेऊं द्या. पण खुरपणाऱ्या बाईलाच कर्ज काढावें लागतें, आणि कागदावर अंगठा किंवा सही तिचीच असते.

सावकाराचा हिशेब ह्याहून तिखट. दरमहा शेंकडा तीन दरानें घेतलेले १०,००० रुपये तीन वर्षांत सरळ व्याजानें २०,८०० होतात, आणि दरमहा व्याज मुद्दलांत मिळवीत गेलें तर सुमारें २९,०००. तोंडी करारांत ह्यांतलें कोणतें ठरलें होतें, हें फेडतांना कोण सांगणार?

विज्ञानाच्या विषयाची गरज मला सर्वांत अधिक पावसाळ्यांत भासते. रात्रीं सर्पदंश झाला म्हणजे ख्रिस्ती घरांतूनही कोणी देवऋषाकडे धांवतें, ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. देवऋषी उतारा करितो आणि पुष्कळ माणसें खरोखर वांचतात. म्हणून विश्वास बसतो. तीं कां वांचतात? आपल्याकडे माणसाला बहुतेक मारणारे साप चार : नाग, मण्यार, घोणस व फुरसें. धामण, दिवड इत्यादि पुष्कळ जाती बिनविषारी. शिवाय विषारी सापही कधीं कधीं विष न सोडतां चावतो. अशा सर्वांचें श्रेय मांत्रिकाच्या पदरांत पडतें. मण्यार चावली तर कित्येकदां फारशी सूज नाहीं, वेदना नाहीं. मंत्रानें उतरलें असें समजून माणूस निजतो आणि पहांटे त्याला श्वास घेतां येत नाहीं. हे विष मज्जातंतूंचा स्नायूंशीं असलेला संबंध तोडतें. घोणशीचें विष रक्त गोठण्याची क्रियाच बिघडवितें. घोड्याला अगदीं थोडें थोडें विष टोंचून त्याच्या रक्तांत विषाला बांधणारीं जीं द्रव्यें तयार होतात, त्यांपासून औषध करितात. तें शिरेंतून द्यावें लागतें आणि जितकें लौकर तितकें बरें. आवळून बांधणें, चिरणें, चोखणें, ह्यांनीं अपायच होतो. दंश झालेला अवयव हलूं न देतां रुग्णालय गांठावें. शरीर, रक्त व मज्जातंतु ह्यांची माहिती ज्या मुलीनें हायस्कुलांत समजून घेतली आहे ती त्या रात्रीं घरांतल्या वडील माणसांना अडवूं शकेल. आपल्यांतील कांहीं विश्वासू लोक देवऋषाकडे जात नाहींत, परंतु केवळ प्रार्थना करीत घरीं बसतात. त्यांना माझें सांगणें इतकेंच कीं प्रार्थना गाडींतही करितां येते.

इतिहास व भूगोल ह्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. पौलाचे प्रवास नकाशावर बोट ठेवून एकदां पाहिले म्हणजे पत्रांतील नगरांचीं नांवें जिवंत होतात. आणि इतिहास नीट शिकलेला मुलगा 'हें कोणीं लिहिलें, केव्हां, आणि त्याला कसें ठाऊक' असें विचारावयास शिकतो. हातांतल्या फोनवरून रोज घरांत येणाऱ्या बातम्या व 'चमत्कार' ह्यांना हे तीन प्रश्न विचारले तर पुष्कळ भांडणें टळतील.

हेही कबूल केलें पाहिजे कीं पुष्कळ शाळांतून हे विषय शिकवीतच नाहींत. ते पाठ करून घेतात. गाइडांतील उत्तरें घोकून पास झालेल्या मुलाला वरचा व्याजाचा हिशेब येणार नाहीं, आणि तेव्हां बाप म्हणेल कीं शाळेचा उपयोग नाहीं. तें खोटें असणार नाहीं. हायस्कूल पुरें केलें म्हणजे नोकरी मिळेल असें वचनही उपदेशकानें कोणाला देऊं नये. नोकरीच्या आशेनें पाठविलेलें मूल नोकरी दिसेनाशी झाली कीं परत बोलावलें जातें. आपल्यापैकीं पुष्कळांच्या पणज्यांना शाळेच्या ओट्यावर चढूं देत नसत. मिशनच्या शाळेंत ते बसले तेव्हां पुढें काय मिळेल हें त्यांनाही ठाऊक नव्हतें.

उपदेशकांनीं पुढील रविवारीं उपासनेनंतर हा धडा घ्यावा. आधीं दानीएलाचा भाग मोठ्यानें वाचावा व विचारावें : त्यानें काय नाकारलें, काय घेतलें? मग मंडळींत शिकणारें एखादें मूल उभें करून बारा हजारांचा हिशेब फळ्यावर त्याच्याकडून मांडून घ्यावा; त्याच्या आईबापांना पुढें बसवावें. ज्या घरांत कर्जाचें पुस्तक असेल त्यांनीं तें आणलें तर अधिक चांगलें, मात्र दुसऱ्याचें पुस्तक चारचौघांत उघडूं नये. शेवटीं मंडळीच्या वहींत ह्या वर्षीं आठवी झालेल्या मुलामुलींचीं नांवें लिहावीं, आणि शाळा पुन्हां उघडेल त्या आठवड्यांत त्यांपैकीं कोण नववींत बसलें नाहीं तें घरोघर जाऊन पाहावें.