वेगळे करा, मग ओळखा : समुद्रगवत आणि तुळस



नाशिकला समुद्र नाही, पण आजचा पाठ समुद्रगवताचा. हे शेवाळ नव्हे. याला मुळे, पाने, फुलेही असतात. थंड समुद्रातल्या 'झोस्टेरा मरिना' या समुद्रगवतात रोझमॅरिनिक आम्ल असते. तेच आपल्या अंगणातल्या तुळशीतही असते! हे कळते कसे?

पहिली पायरी, वेगळे करणे. पालकाची पाने स्पिरिटमध्ये कुटा. त्या हिरव्या रसात गाळणकागदाच्या पट्टीचे टोक बुडवून पट्टी उभी ठेवा. रस वर चढताना हिरवा आणि पिवळा रंग वेगळे होतात. (मोठ्यांनी सोबत थांबावे, जवळ ज्योत नको.)

दुसरी पायरी, ओळखणे. इथे मुले घाई करतात. "पिवळा म्हणजे कॅरोटीन!" पण झँथोफिलही पिवळेच असते ना? म्हणून माहीत असलेला शुद्ध नमुना त्याच कागदावर शेजारी चढवतात. दोन्ही सारख्याच उंचीवर थांबले, तर तो फक्त अंदाज. खात्री होते ती रेणूचे वस्तुमान आणि रचना तपासल्यावर.

आता 'अमुक पानात औषध सापडले' असा मेसेज आला, की मुलांना तीन प्रश्न विचारू द्या: वेगळे केले का? ओळखले कसे? आणि सापडले म्हणजे गुण येतोच का?