एक लाईन, दोन कॉम्प्युटर : मामाचा कानमंत्र

भाचेबुवा, तुम्ही नवरा-बायको दोघंही घरून काम करता, लाईन एकच, आणि दहाच्या मीटिंगला दोघांपैकी कुणाचा तरी चेहरा पडद्यावर गोठतोच, असं ताई सांगत होती. त्यावर उपाय म्हणून तू मोठा प्लॅन घ्यायला निघाला आहेस म्हणे. जरा दम धर. माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेली. पैसे भरण्याआधी दोष कुठे आहे ते शोधावं, ही त्या खात्यातली पहिली शिकवण.

तेव्हा आधी माप घे. लॅपटॉप राउटरपाशी ने, लॅन वायर थेट खुपस आणि स्पीड टेस्ट कर. मग तीच टेस्ट तुझ्या टेबलावर, वाय-फायवर. राउटरपाशी शंभर आणि टेबलावर वीस येत असतील, तर दुखणं घरातलं आहे, मोठ्या प्लॅनने ते जायचं नाही. दोन्हीकडे वीसच आले, तर खुशाल तक्रार नोंदव. आणि एक हिशेब पक्का ठेव. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो, फाइल उतरताना दिसतो तो मेगाबाइटमध्ये. म्हणून भागिले आठ. १०० च्या प्लॅनवर सेकंदाला १२ एमबीने फाइल उतरत असेल, तर माप पुरेपूर मिळतंय.

आता मूळ मंत्र ऐक. जे जागचं हलत नाही त्याला वायर, जे हातात फिरतं त्याला वाय-फाय. तुमच्या टेबलांवरचे दोन्ही कॉम्प्युटर आणि हॉलमधला टीव्ही वायरवर गेले, की मोबाइलला हवा आपोआप मोकळी होते. कॅट-६ केबल घे, आणि ती पूर्ण तांब्याची आहे ना, हे दुकानात विचार. स्वस्तातल्या केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. १०० मीटरपर्यंत ही केबल बिनतक्रार चालते, तुझं घर काही तेवढं लांब नाही. केसिंग पट्टीतून ओढ, पण विजेच्या वायरीबरोबर एकाच पाइपात घालू नकोस.

कनेक्टर बसवायला माणूस आला, तर त्याच्या हाताकडे लक्ष दे. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी : दोन्ही टोकांना हाच क्रम हवा. आठही तारा टोकापर्यंत पोचल्या पाहिजेत आणि बाहेरचं जाड आवरण कनेक्टरच्या आत चिमटलं गेलं पाहिजे. नाहीतर झाडताना केबल ओढली गेली, की तार निसटलीच. मग कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघ. तिथे १००० ऐवजी १०० दिसलं, तर बऱ्याचदा आठातली एखादी तार लागलेली नसते. शंभरला चार तारा पुरतात, हजाराला आठही लागतात.

राउटर टीव्हीच्या मागे कोंबू नकोस आणि लोखंडी कपाटाशेजारीही नको. घराच्या मध्यावर, डोक्याइतक्या उंचीवर ठेव. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती पार करतो, पण सगळ्या बिल्डिंगचा गोंगाट त्यावरच असतो आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच लुडबुडतो. त्यातले १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांतला मोकळा असेल तो निवड. एकाच खोलीत बसून काम असेल, तर ५ गिगाहर्ट्झ घे. तो वेगवान, पण भिंतीपुढे हात टेकतो.

जुना राउटर पडून असेल तर भंगारात देऊ नकोस, बेडरूममध्ये लाव. मात्र त्याचा आयपी पत्ता बदल, त्यातलं डीएचसीपी बंद कर आणि वायर वॅनमध्ये न लावता लॅनच्या भोकात लाव. घरात पत्ते वाटणारा एकच असावा, तो मुख्य राउटर. तो सोसायटीच्या वॉचमनसारखा : बाहेरच्या जगाला पत्ता एकच माहीत, आतलं टपाल कुठल्या फ्लॅटचं हे तो लक्षात ठेवतो. जुन्या पद्धतीचे पत्ते जगभरात मिळून जेमतेम ४३० कोटी, म्हणून ही युक्ती. विंडोज ९८ च्या १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हेच काम एक कॉम्प्युटर करायचा, आणि तो बंद केला की दुसऱ्याचंही नेट जायचं. आज ती कटकट नाही.

सूनबाईंची मीटिंग तुटते ती बहुधा अपलोड तुंबल्यामुळे. तुझ्या कॉम्प्युटरवरचा फोटोंचा आणि फाइलींचा बॅकअप दिवसभर वर चढत असतो, तो रात्रीवर टाक. राउटरमध्ये क्यूओएस असेल, तर मीटिंगच्या कॉम्प्युटरला पहिला मान दे.

राउटरचा मूळचा ॲडमिन पासवर्ड आधी बदल, डब्ल्यूपीएस बंद कर, आणि पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क दे. लाईट गेल्यावरही काम चालायला हवं असेल, तर छोटा यूपीएस घे, पण अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून. फायबरची वायर काटकोनात दुमडू नकोस, आत काच असते. आणि गच्चीवरून तांब्याची लॅन केबल घरात आली असेल, तर पावसाळी ढग गडगडू लागताच अडॅप्टरबरोबर तीही काढून ठेव. वीज जवळ कुठे पडली तरी राउटरचे पोर्ट त्या वाटेने जळतात.

या रविवारी दोन केबली ओढून घे आणि आठवडाभर दोघं काम करून बघा. तेवढ्यानेही भागलं नाही, तर मोठा प्लॅन आहेच. तो कुठे पळून जात नाही.