स्मारकावरून गोधडी कशी रचावी?

जुन्या वस्त्रांचा उपयोग करून शिवलेले पांघरूण म्हणजे गोधडी, अशी आपली समजूत असते. परंतु केवळ भिंतीवर टांगून पाहण्यासाठीही गोधडी शिवली जाते. तिला कलागोधडी म्हणतात. चित्रकार जे रंगाने साधतो ते येथे चिंध्या आणि टाके यांनी साधावयाचे असते. युद्धस्मारकासारखा गंभीर विषय अशा गोधडीत कसा आणावा, हे एका खऱ्या स्मारकाच्या आधारे पाहू.

इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मोंतोने नावाचे गाव आहे. तेथे जुलै २०२३ मध्ये नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. घाडगे हे माणगाव तालुक्यातील पळसगावचे. ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आज बेळगावात आहे, तिच्या तिसऱ्या पलटणीत ते होते. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ५०,००० भारतीय सैनिक इटलीत लढले व त्यांपैकी ५,७८२ मृत्यू पावले. १० जुलै १९४४ रोजी शत्रूच्या मशीनगनच्या माऱ्यात घाडगे यांच्या तुकडीतील इतर सर्व जण ठार वा जखमी झाले. तेव्हा ते एकटेच पुढे धावले. हातबाँबने त्यांनी मशीनगन व ती चालविणारा यांचा नाश केला, एकास गोळीने टिपले आणि काडतुसे भरावयास अवसर न मिळाल्यामुळे उरलेल्या दोघांस बंदुकीच्या प्रहारांनी ठार केले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या वेळी त्यांचे वय २२ वर्षांचे होते. त्यांची समाधी कोठेही नाही. त्यांचे नाव कासिनो येथील स्मारकावर आहे. ज्या चार हजारांहून अधिक सैनिकांच्या समाध्या अज्ञात आहेत, त्यांची नावे तेथे हिरव्या संगमरवरावर कोरली आहेत.

हे वाचून बंदूक, ज्वाळा आणि धावणारा वीर यांचे चित्र काढावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मोंतोनेचे स्मारक पाहा. ते आहे एक छायायंत्र, म्हणजे सूर्याच्या सावलीवरून वेळ दाखविणारे घड्याळ. आणि त्याचे बोधवाक्य आहे, ‘आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो.’ या ‘सर्व’ शब्दात घाडगे येतात, ज्यांच्या भूमीवर युद्ध झाले ते गावकरी येतात, आणि मशीनगनजवळ मेलेले शत्रूचे सैनिकही येतात. म्हणून शौर्याचा गौरव व्हावा, पण मारण्याचा आनंद दिसू नये, हे बंधन आपण प्रथमच स्वीकारले पाहिजे. पुढील प्रत्येक निवड त्यावरून ठरते.

आता रचना. सुमारे १५० सेंटीमीटर लांब व १०० सेंटीमीटर रुंद, फिकट मातकट रंगाचे कापड आडवे घ्यावे. खालच्या कडेच्या मध्याजवळ एक बिंदू घेऊन तेथून ताससरेषा काढाव्यात. या रेषा सारख्या अंतरावर नसतात. मोंतोने सुमारे ४३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथील आडव्या छायायंत्रात मध्यान्हरेषेच्या दोन्ही अंगांस तासागणिक सुमारे १०, २१, ३४, ५०, ६९ व ९० अंशांवर रेषा येतात. कोनमापकाने त्या कागदावर नीट आखून मग कापडावर उतरवाव्यात. या सर्व रेषा धावदोऱ्याने शिवाव्यात.

छायायंत्राचा काटा मात्र दाखवू नये. केवळ त्याची सावली दाखवावी. ज्याचा देह सापडला नाही त्याच्यासाठी याहून योग्य खूण नाही. गडद निळ्या कापडाची ही पट्टी सकाळी नऊच्या रेषेवर, म्हणजे मध्यान्हरेषेच्या डावीकडे ३४ अंशांवर बसवावी. कारण ते आयुष्य सकाळीच संपले. दोन्ही बाजूंना हिरव्या उभ्या पट्ट्या जोडाव्यात. त्या कासिनोच्या फलकांची आठवण देतील. त्यांपैकी एकीवरच घाडगे यांचे नाव लहान अक्षरांत उलट्या टिपेने शिवावे.

कापड शक्यतो घरातील जुने, सुती आणि धुऊन मऊ झालेले असावे. नवे घ्यावयाचे झाल्यास आधी भिजवून वाळवावे, म्हणजे पुढे आटून सुरकुत्या पडणार नाहीत. अस्तर, मधला थर आणि वरचे कापड एकावर एक पसरून कच्चा दोरा मध्यापासून कडांकडे घालावा. कडांकडून आरंभ केल्यास मध्ये झोळ येतो. पट्ट्यांच्या कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी शिवाव्यात. शेवटी किनार लावून कच्चे दोरे काढावेत आणि मागे कापडी नळी शिवून तीत काठी ओवावी.

पूर्ण झालेली गोधडी दहा पावलांवरून पाहावी. प्रथम सावली दिसली आणि जवळ गेल्यावर नाव वाचता आले, तर रचना साधली असे समजावे. बंदुकीचे चित्र नसतानाही पाहणारा ‘हे कोण?’ असे विचारील. त्याला उत्तर देता यावे म्हणून मागील बाजूस घाडगे यांचे गाव, मृत्यूचा दिनांक व स्थळ आणि शिवणाऱ्यांची नावे दोऱ्याने लिहावीत. गोधडी उन्हासमोर मात्र टांगू नये. हिरवा व निळा रंग लवकर विटतो.