एक पिस्तूल, दोन मुठी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात आलेला कोणताही इंग्रजी कागद, मग तो विम्याचा असो, बँकेचा असो की औषधाच्या खोक्यातला असो, वाचून त्याचा अर्थ सांगण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दादाने असाच एक जाडजूड गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. ते आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियम होते. दादा म्हणाला, "यात पिस्तुलाचं काय लिवलंय ते वाचून सांग. मला आणि तुझ्या वहिनीला मिळून एकच घ्यायचंय."

त्या सुट्टीत जे वाचले आणि रेंजवर जाऊन जे पाहिले, त्यावरून हा लेख लिहीत आहे. मी स्वतः नेमबाज नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमचा जिल्हा कोल्हापूर. येथे नेमबाजीचे वेड नवे नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे जागतिक विजेतेपद मिळवले, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक आणले. आणि २०२४ साली राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांना पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये रायफलचे कांस्यपदक मिळाले, तेव्हा तर आमच्या गावातही फटाके वाजले. दादा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहे. वहिनीने शाळेत असताना एन.सी.सी.च्या शिबिरात .२२ ची रायफल चालवली होती, हे आम्हांला तोपर्यंत ठाऊकच नव्हते. टीव्हीवर ती स्पर्धा पाहताना ती सहज बोलून गेली. पुढच्याच रविवारी दोघे शहरातल्या रेंजवर जाऊन उभी राहिली, आणि तेव्हापासून त्यांचा बहुतेक रविवार तेथेच जातो.

पिस्तूल म्हटल्याबरोबर आमच्या आईने कपाळाला हात लावला. म्हणून कायद्याची बाजू प्रथम सांगते. खऱ्या, म्हणजे दारूने गोळी उडवणाऱ्या पिस्तुलाला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि तो माणसाच्या नावाने मिळतो, घराच्या नावाने नाही. तेव्हा नवराबायकोने मिळून एक वापरावे, ही गोष्ट तेथे सोपी नाही. परंतु हवेच्या दाबावर चालणाऱ्या, .१७७ इंच म्हणजे साडेचार मिलिमीटर व्यासाच्या पिस्तुलाची ताकद २० ज्यूलपेक्षा अधिक नसेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे त्याला परवान्याची गरज नाही. विज्ञान शाखेतल्या माझ्या एका मैत्रिणीने मला हिशोब करून दिला. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला सुमारे १५० मीटर, म्हणजे ताकद पाच-सहा ज्यूल. अर्थात एवढ्यानेही डोळा जाऊ शकतो, तेव्हा आईची भीती अगदीच खोटी नव्हती.

खेळ असा आहे. नेमबाज दहा मीटरवर उभा राहतो. एकाच हाताने, हात सरळ लांब करून, दुसऱ्या हाताचा अथवा कशाचाही आधार न घेता नेम धरायचा. लक्ष्यावरचा काळा गोल सुमारे सहा सेंटिमीटरचा, आणि त्यातला दहा गुणांचा ठिपका साडेअकरा मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. अशा ६० गोळ्या ७५ मिनिटांत मारायच्या. पूर्वी स्त्रियांना ४० च गोळ्या असत, २०१८ पासून त्यांनाही ६० झाल्या. पिस्तुलाचे वजन दीड किलोच्या वर चालत नाही आणि चाप ओढायला निदान ५०० ग्रॅम जोर लागलाच पाहिजे. तो तपासण्यासाठी पिस्तुलाची नळी उभी धरून चापाला ५०० ग्रॅमचे वजन अडकवतात आणि उचलून पाहतात. ही तपासणी पाहताना मला आमच्या वाण्याच्या तराजूची आठवण झाली.

आता मूळ प्रश्नाकडे येते. दोघांत एक पिस्तूल घ्यायचे तर ते कोणाच्या हाताचे घ्यायचे?

रेंजवर शिकाऊ लोकांसाठी जे पिस्तूल होते त्याची मूठ मोठी होती. दादाला ती बसे. वहिनीच्या गोळ्या मात्र महिनाभर काळ्या गोलाच्या डाव्या बाजूलाच जात. तिला वाटे, आपल्यालाच नेम साधत नाही. दादा तिला "श्वास धर, घाई करू नको" असे सांगत राही. अखेर एके दिवशी तेथल्या प्रशिक्षकांनी नळीकडे न पाहता तिच्या बोटाकडे पाहिले. मूठ एवढी जाड होती की तिच्या तर्जनीचे फक्त टोक चापापर्यंत पोचत होते. त्यामुळे चाप सरळ मागे येण्याऐवजी बोटाच्या टोकाने तिरका ढकलला जाई, आणि नळी डावीकडे सरके. चाप बोटाच्या पहिल्या पेराच्या मधोमध यावा लागतो. घरी येऊन मी वहिनीच्याच शिवणकामाच्या टेपने दोघांचे हात मोजले. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दादाचा हात साडेएकोणीस सेंटिमीटर, वहिनीचा साडेसोळा. त्या महिन्याच्या साऱ्या चुका या तीन सेंटिमीटरांच्या होत्या.

स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ ही चपलेसारखी असते, तिला माप असते. लहान, मध्यम, मोठी अशी तिची मापे असतात, शिवाय उजव्या हाताची आणि डाव्या हाताची वेगळी. तळव्याखाली एक फळी असते, ती स्क्रू सैल करून वर-खाली सरकवता येते. मात्र मुठीने मनगटाला आधार देता कामा नये, असा नियम आहे. अनेक नेमबाज मुठीला कानशीने घासून किंवा लाकडाची लुकण भरून ती अगदी आपल्या हाताजोगी करून घेतात. परंतु एका मुठीत हे दोघांसाठी करता येत नाही. दादासाठी जे घासायचे तेच वहिनीसाठी भरायचे, असा तो प्रकार होतो.

येथे एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. एका गावी कोणाकडे तरी जुने पिस्तूल विकायला आहे, असे कळले म्हणून आम्ही तिघे गेलो. पिस्तूल दिसायला उत्तम होते. विकणाऱ्या गृहस्थांनी ते दादाच्या हातात दिले. दादाने नेम धरला, खूश झाला. मग वहिनीने धरले आणि "बोट पोचत नाही" म्हणाली. ते गृहस्थ हसून दादालाच म्हणाले, "वहिनींचं काय, सवय होईल हळूहळू." वहिनी तशी कमी बोलणारी. पण ती पटकन म्हणाली, "मग लहान मूठ घेऊन ह्यांनाच सवय केली तर?" त्यावर कोणी काही बोलले नाही. पैशांत निम्मा वाटा तिच्या शिवणाचा आणि भिशीचा होता, दादाचा बोनस निम्माच होता, हे त्या गृहस्थांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मात्र न्यायाने बोलायचे तर वहिनीच्या म्हणण्यातही अडचण आहे. लहान मुठीत मोठा हात कोंबला की बोटे एकमेकांवर चढतात, तळवा दाबला जातो आणि हात लवकर थरथरतो. सवयीने हे जात नाही, उलट चुकीचीच सवय लागते. तेव्हा प्रशिक्षकांनी जो मार्ग सांगितला तोच मला खरा वाटतो. पिस्तूल एक घ्या, पण मुठी दोन घ्या. चांगल्या पिस्तुलाची मूठ थोडे स्क्रू फिरवले की निघते, दोन-तीन मिनिटांत दुसरी बसते. चापही पुढे-मागे सरकवता येतो. म्हणून पिस्तूल घेताना ते किती सुंदर आहे याआधी त्याची वेगळी मूठ मिळते का, आणि आपल्या मापाची मिळते का, हे विचारावे.

दादाचे प्रथम मत होते की एका महागाऐवजी दोन स्वस्त घ्यावीत. बाहेर देशाहून येणारे स्पर्धेचे नवे पिस्तूल लाखाच्या वर जाते, आमच्यासारख्या घरात हा आकडा उच्चारतानाही आवाज खाली येतो. पण स्वस्तातल्या पिस्तुलांची मूठ बहुधा बदलता येत नाही, चापाला फारशी हालचाल नसते. म्हणजे दोन घेऊन दोघेही अडलेले. शेवटी जुने पण चांगले असे एक घ्यायचे ठरले.

त्यातही प्रकार आहेत. काही पिस्तुलांत दर गोळीला तरफ ओढून हवा दाबावी लागते. ती स्वस्त पडतात, पण साठ वेळा तरफ ओढायची म्हणजे साठ वेळा हात मोडून पुन्हा जुळवायचा. दुसऱ्या प्रकारात नळीखाली हवेचे सिलिंडर असते, त्यात २०० बार दाब भरलेला असतो. मोटारीच्या टायरात तो दोनच्या आसपास असतो, यावरून कल्पना यावी. आम्ही हा प्रकार पसंत केला. पण जुने घेणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, आणि त्याचे आयुष्य साधारणपणे दहा वर्षांचे धरतात. स्पर्धेच्या नियमांप्रमाणे ती मुदत पाहण्याची जबाबदारी नेमबाजावर आहे. त्या गृहस्थांकडच्या सिलिंडरची मुदत केव्हाच टळली होती. ते मी वाचले आणि आम्ही चहा पिऊन परत आलो. इंग्रजी शिकल्याचा घराला झालेला तो मोठाच उपयोग, असे दादा अजून म्हणतो.

चापाचेही दोन प्रकार, यांत्रिक आणि विजेचा. विजेचा अतिशय हलका आणि नेमका म्हणतात. पण २०२१ साली टोकियोत मनू भाकर यांचे पिस्तूल ऐन फेरीत बिघडले आणि त्यांचा मोलाचा वेळ गेला, हे दादाच्या मनात घर करून बसले होते. त्यांनीच २०२४ साली पॅरिसला दोन कांस्यपदके मिळवली, हा भाग वेगळा. आमच्या भागात दुरुस्ती जवळ नाही, आणि दादा स्वतः फिटर, म्हणून आम्ही यांत्रिकच पाहिले.

वजनाची मला अधिक काळजी होती. ही पिस्तुले सुमारे एक किलोची असतात. वहिनीने यावर घरगुती उपाय काढला. लिटरभर पाण्याची बाटली हात लांब करून अर्धा मिनिट धरायची, मग खाली, पुन्हा वर. पोळ्या झाल्यावर ओट्यापाशी उभी राहून ती हे करू लागली. आठवडाभर शेजारच्या काकू विचारत होत्या, कुणाला नवस बोललीय का म्हणून.

एक पिस्तूल दोघांनी वापरायचे तर वहीही लागते. मूठ बदलली, डोळा बदलला की पुढची माशी आणि मागची खाच यांचा मेळ बदलतो. मागच्या खाचेचे स्क्रू टिचक्या-टिचक्यांनी फिरतात. दादानंतर वहिनीने घ्यायचे तर किती टिचक्या कुठे, हे लिहून ठेवावे लागते. शाळेच्या शंभर पानी वहीत डाव्या पानावर दादा आणि उजव्या पानावर वहिनी अशी नोंद चालू आहे.

घरात लहान मूल आहे म्हणून काही गोष्टी आम्ही ठरवून घेतल्या. पेटीला कुलूप आणि किल्ली आईकडे. सिलिंडर वेगळे. पेटीत पिस्तुलाच्या नळीतून आरपार केशरी दोरा घातलेला, म्हणजे आत छर्रा नाही हे पाहणाऱ्याला दिसते. छर्रे शिशाचे असतात, म्हणून रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला कोणी घ्यायचे नाही. आणि खरेदीचे बिल कायम पेटीत, कारण एस.टी.त कोणी विचारले तर तोंडी सांगून भागत नाही.

अखेर पौषात मध्यम मुठीचे एक पिस्तूल मिळाले. लहान मूठ वेगळी मागवावी लागली, तिला दीड महिना लागला. तोवर वहिनीने तिकडे जाऊन फक्त दादाचे गुण लिहिले. मूठ आली त्या रविवारी मीही गेले होते. तिच्या पहिल्या दहा गोळ्यांपैकी डावीकडे एकच गेली.

परवा मी त्यांना हिना सिद्धू आणि रोनक पंडित यांच्याविषयी वाचून दाखवत होते. दोघेही पिस्तुलाचे नेमबाज, दोघांनीही राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलेले, २०१३ साली त्यांचे लग्न झाले आणि रोनक हे हिना यांचे प्रशिक्षकही होते. त्यावरून विषय निघाला मिश्र दुहेरीचा, म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री मिळून खेळतात त्या प्रकाराचा. टोकियोपासून तो ऑलिम्पिकमध्ये आहे. दादा म्हणाला, "हे आपल्यासाठीच केलंय बघ." मी नियम काढला. त्यात दोघांनी शेजारी शेजारी उभे राहून एकाच वेळी गोळ्या मारायच्या असतात, म्हणजे पिस्तुले दोन हवीत. दादाने माझ्या हातातून तो कागद घेतला, उलटसुलट पाहिला, आणि वहिनी म्हणाली, "भिशी आषाढात निघतीया."