युद्धाच्या आठवणी आणि अवकाशरचनेचे शिक्षण

प्रश्न : युद्धाच्या आठवणींवर काम करायचे तर कला आणि अवकाशरचनेत काय शिकावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले, ब्रिटिशांनी तेथे स्मारक उभारले. अभ्यासाची सुरुवात अशा जागेच्या मोजमापाने आणि रेखाटनांनी होते : माणसे कोठून येतात, कोठे थांबतात. सैनिकांच्या आया-बायकांच्या आठवणी मात्र शिळेवर क्वचितच कोरल्या जातात. त्या घरोघरी बसूनच ऐकाव्या लागतात. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकात (१९८२) त्याच्या रचनाकार माया लिन यांनी सैनिकांची नावे वर्णानुक्रमे न लावता मृत्यूच्या क्रमाने लावली, त्यामुळे भिंतीलगत चालणारा युद्धाच्या काळातूनच चालतो. शिल्प-चित्रासाठी मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, तर प्रदर्शनरचनेसाठी अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था योग्य.